पिल्टडाउनची कवटी आणि आपल्या सोयीचे खोटे

इतिहासातली एखादी जंगी फजिती सांगायला घ्या, समोरचा माणूस हातातला मोबाइल बाजूला ठेवतो. न बुडणारे म्हणून गाजवलेले आणि पहिल्याच फेरीत बुडालेले टायटॅनिक, १९८३ साली जर्मनीत लाखो मार्क मोजून विकत घेतलेल्या हिटलरच्या बनावट डायऱ्या, या गोष्टींचा लोकांना कंटाळा येत नाही. फजिती जर स्वतःला शहाणे समजणाऱ्यांची असेल तर ऐकायला आणखीच मजा येते. पण मजा घेताना आपण बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो : लबाडी कुणी केली?

माझे म्हणणे असे आहे की हा प्रश्न दुय्यम आहे. लबाडी करणारा एखादाच असतो. ती वर्षानुवर्षे चालवून घेणारे शेकडो असतात, आणि त्यांत मूर्ख फार थोडे असतात. मग हुशार माणसे खोटे का चालवून घेतात? या प्रश्नाचे उत्तर आपल्या चळवळीच्या कामाचे आहे. म्हणून आज एका कवटीची गोष्ट सांगतो.

टायटॅनिक बुडाले त्याच वर्षी, १८ डिसेंबर १९१२ रोजी, लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या सभेत दोन माणसे उभी राहिली. एक होते ब्रिटिश म्युझियमच्या निसर्ग-इतिहास विभागातले भूगर्भशास्त्राचे प्रमुख आर्थर स्मिथ वुडवर्ड. दुसरे चार्ल्स डॉसन, ससेक्स परगण्यातले वकील आणि हौशी संशोधक. त्यांनी सांगितले की ससेक्समधल्या पिल्टडाउन गावाजवळ खडीच्या खाणीत एका अतिप्राचीन मानवाचे अवशेष सापडले आहेत. कवटीचे तुकडे माणसासारखे, मेंदू मोठा. जबडा मात्र वानरासारखा. माकड आणि माणूस यांच्यामधला जो दुवा सगळे जग शोधत होते, तो इंग्लंडच्या मातीत मिळाला होता. त्याला नावही डॉसनचेच देण्यात आले : इओअँथ्रोपस डॉसोनी, म्हणजे डॉसनचा उषःकालीन मानव.

नंतर जे जे हवे होते ते ते मिळत गेले. जबड्यात सुळा नाही अशी शंका निघाली, तर १९१३ साली सुळा सापडला, आणि तोही वुडवर्ड यांनी कल्पना केली होती जवळपास तसाच. १९१४ साली हत्तीच्या हाडाचे एक हत्यार मिळाले. त्याचा आकार चक्क क्रिकेटच्या बॅटसारखा! पहिला इंग्रज माणूस आणि त्याच्याजवळ बॅट. यावर हसू यायला हवे होते, पण विद्वानांनी त्यावर गंभीरपणे चर्चा केली. एकाच जागेचा पुरावा अपुरा वाटणाऱ्यांसाठी डॉसनने जवळच्या दुसऱ्या जागीही तसेच तुकडे सापडल्याचे सांगितले. १९१६ साली डॉसन वारला आणि त्यानंतर पिल्टडाउनला नवे काही सापडायचे थांबले. हा योगायोगही फारसा कुणाला खटकला नाही.

१९३८ साली त्या जागी स्मारक उभे राहिले. अनावरण केले त्या काळातले नामवंत शरीररचनाशास्त्रज्ञ सर आर्थर कीथ यांनी. वुडवर्ड यांचे शेवटचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९४८ साली निघाले. त्याच्या नावाचा अर्थ होता, सर्वात पहिला इंग्रज.

आणि १९५३ च्या नोव्हेंबरात सगळे कोसळले. केनेथ ओकली, जोसेफ वाइनर आणि विल्फ्रिड ल ग्रो क्लार्क या तिघांनी दाखवून दिले की कवटी माणसाची असली तरी प्राचीन नाही, आणि जबडा अलीकडच्या वानराचा आहे. पुढच्या तपासण्यांत तो ओरांगउटानचा ठरला आणि कवटीचे वय काही शे वर्षे निघाले. दात माणसासारखे झिजलेले दिसावेत म्हणून कानशीने घासले होते. हाडे जुनाट दिसावीत म्हणून रसायने लावून रंगवली होती. ती बॅट पोलादी चाकूने तासलेली होती. एक्केचाळीस वर्षे जगभरच्या पुस्तकांत मानवाचा पूर्वज म्हणून मिरवलेला प्राणी कधी अस्तित्वातच नव्हता.

तेव्हापासून आजपर्यंत लोक गुन्हेगार शोधत आहेत. शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉयल, फ्रेंच धर्मगुरू तेयार द शार्दँ, म्युझियममधला मार्टिन हिंटन, कितीतरी जणांवर संशय घेऊन झाला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या सविस्तर तपासणीने बोट पुन्हा डॉसनकडेच दाखवले. ठीक आहे, डॉसन तर डॉसन. पण डॉसनने फक्त कानस चालवली. विश्वास ठेवण्याची सक्ती त्याने कुणावर केली नव्हती.

मग तो विश्वास आला कुठून?

एक कारण साधनांचे होते, हे मान्य केले पाहिजे. हाडातल्या फ्लोरिनवरून वय ताडण्याची पद्धत ओकली यांनी पिल्टडाउनच्या हाडांवर वापरली ती १९४९ साली. त्याआधी वय ठरवणे अवघडच होते. पण दातांवरचे कानशीचे ओरखडे पाहायला फ्लोरिन लागत नाही, एक चांगले भिंग पुरते. एकदा संशय घेऊन पाहिल्यावर ते ओरखडे लगेच नजरेत भरले. म्हणजे ते आधीही दिसण्यासारखे होते. त्या नजरेने कुणी पाहिले नव्हते, आणि बाहेरच्या अभ्यासकांच्या हातात तर बहुतेक वेळा मूळ हाडांऐवजी प्लास्टरच्या प्रतिकृती पडत होत्या.

शंका कुणाला आलीच नाही, असेही नाही. लंडनच्याच किंग्ज कॉलेजातल्या डेव्हिड वॉटरस्टन यांनी १९१३ सालीच लिहिले होते की ही कवटी माणसाची आणि हा जबडा वानराचा, दोन्ही एकाच प्राण्याचे असू शकत नाहीत. १९१५ साली फ्रान्समधून मार्सेलाँ बूल आणि अमेरिकेतून गेरिट मिलर यांनी हेच सांगितले. खरे उत्तर पहिल्या तीन वर्षांतच टेबलावर येऊन पडले होते. ते उचलायची इच्छा नव्हती.

इच्छा नव्हती, कारण पिल्टडाउनने दोन अहंकार एकदम कुरवाळले होते. निअँडरथल मानव जर्मनीत सापडला होता, क्रो-मॅग्नन फ्रान्समध्ये. जगावर राज्य करणाऱ्या इंग्लंडकडे त्या तोडीचे काहीच नव्हते. पिल्टडाउनने ती लाज झाकली. दुसरे असे की माणूस घडताना आधी मेंदू मोठा झाला आणि बाकीचे शरीर मागून बदलले, अशी त्या वेळच्या इंग्लंडमधल्या बड्या पंडितांची धारणा होती. पिल्टडाउनची कवटी नेमकी तशीच होती. मोठा मेंदू आधी, आणि तोही इंग्लंडमध्ये! साम्राज्याला यापेक्षा गोड बातमी कोणती असणार?

या गोडीची किंमत आफ्रिकेने मोजली. १९२४ साली दक्षिण आफ्रिकेतल्या टाँग इथल्या चुनखडीच्या खाणीतून एका लहान मुलाची कवटी रेमंड डार्ट यांच्या हाती आली. मेंदू लहान, पण दात माणसासारखे आणि कवटीच्या ठेवणीवरून दोन पायांवर चालणारा प्राणी. पिल्टडाउनच्या बरोबर उलट. डार्ट यांनी फेब्रुवारी १९२५ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला, तेव्हा लंडनच्या पंडितांनी हे एखाद्या वानराचे पिल्लू असल्याचे सांगून तो बाजूला सारला. कीथ यांनी डार्ट बरोबर होते हे जाहीरपणे कबूल करायला १९४७ उजाडले. जे खरे होते ते आफ्रिकेतले, ते वीस-बावीस वर्षे दाराबाहेर उभे राहिले. जे खोटे होते ते घरचे, त्याचे स्मारक झाले.

आता कुणी विचारेल, इंग्रजांच्या या कवटीशी आपल्याला काय देणेघेणे? देणेघेणे आहे. कारण कवट्या आणि नाके मोजून माणसाची पायरी ठरवण्याचा उद्योग त्याच काळात आपल्याही देशात चालला होता.

हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने १८९१ च्या सुमारास बंगालपासून पंजाबपर्यंत लोकांची नाके मोजून मांडणी केली की जात जितकी वरची तितके नाक सरळ आणि अरुंद, जात जितकी खालची तितके नाक बसके. याच रिस्लेच्या देखरेखीखाली १९०१ च्या जनगणनेत जाती सामाजिक प्रतिष्ठेच्या क्रमाने लावल्या गेल्या. इथे एक फरक स्पष्ट करतो. पिल्टडाउन ही ठरवून केलेली बनवाबनवी होती. रिस्लेने नाके खरोखरच मोजली होती. पण दोन्हीकडे निष्कर्ष आधी ठरलेला होता आणि पुरावा त्याच्या मापाने शिवला गेला. आपल्याकडच्या वरच्या जातींनाही हा सिद्धांत पसंत पडला, कारण त्याने त्यांना राज्यकर्त्यांचे आर्य भाऊबंद करून टाकले. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली वैदिक आर्यांचे मूळ घर थेट उत्तर ध्रुवाजवळ नेऊन ठेवले.

या सगळ्याला पहिला खणखणीत जबाब कुणी दिला? ९ मे १९१६ रोजी, डॉसन अजून जिवंत असताना आणि पिल्टडाउनचा डंका वाजत असताना, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. त्यात रिस्ले आहे, सेनार आहे, नेसफील्ड आहे, आपले ज्ञानकोशकार केतकरही आहेत. प्रत्येकाची व्याख्या घेऊन त्यांनी तपासली. त्यांचा मुद्दा असा होता की भारतातले लोक आधीच एकमेकांत मिसळलेले आहेत, वंशाच्या फरकातून जात निघत नाही. जात म्हणजे स्वतःला बंद करून घेतलेला वर्ग, आणि तो बंद करणारे कुलूप म्हणजे जातीतच लग्न करण्याचा नियम. युरोपीय अभ्यासक स्वतःच वर्णद्वेषाने भारलेले असल्यामुळे त्यांना जातीतही रंगच दिसतो, हेही त्यांनी तोंडावर सांगितले.

पुढे १९४६ च्या 'हू वेअर द शूद्राज?' मध्ये टिळकांच्या ध्रुवीय आर्यांचा त्यांनी समाचार घेतला तो एका साध्या प्रश्नाने : वैदिक आर्यांच्या जीवनात घोड्याला एवढे महत्त्व, मग ध्रुवप्रदेशात घोडा होता का? आणि १९४८ च्या 'द अनटचेबल्स' मध्ये त्यांनी नाकांची कोष्टकेच हातात घेतली. घुर्ये यांनी दिलेली मापे मांडून ते म्हणाले की हे शास्त्र विश्वासार्ह मानायचे असेल तर त्याच मापांवरून ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. प्रतिपक्षाचे भिंग घेऊन प्रतिपक्षाच्याच दातांवरचे ओरखडे दाखवणे म्हणतात ते हे.

इथपर्यंत वाचून आपली छाती फुगली असेल. माझीही फुगते. पण हा लेख मी त्यासाठी लिहिलेला नाही.

मित्रांनो, आपल्या चळवळीतही आपल्याला आवडणारी खोटी हाडे फिरत आहेत. एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी जयंतीच्या भाषणात मी मोठ्या आवाजात सांगितले होते की कोलंबिया विद्यापीठाने जगातल्या शंभर विद्वानांची यादी केली आणि त्यात बाबासाहेबांना पहिला क्रमांक दिला. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने ती यादी मोबाइलवर काढून माझ्यासमोर धरली. विद्यापीठाच्या अडीचशेव्या वर्षानिमित्त २००४ साली केलेली ती कोलंबियाशीच संबंधित असलेल्या नामवंतांची यादी होती. बाबासाहेब त्यात होते, ही गोष्ट खरी आणि अभिमानाची. पण नावे वर्णानुक्रमाने लावलेली होती, क्रमांक कुणालाच नव्हता. तो हसून म्हणाला, "तुमच्या बाकीच्या गोष्टीही अशाच असणार." मला उत्तर सुचले नाही.

खरे तर उत्तर होते. १९१५ ला कोलंबियाची एम.ए., १९२३ ला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एस्सी., ग्रेज इनची बॅरिस्टरी, १९२७ ला कोलंबियाची पीएच.डी., १९५२ ला त्याच कोलंबियाने सन्मानाने दिलेली एल.एल.डी. यातला एकेक कागद पुराव्यासह उभा आहे. एवढे सोने घरात असताना मी पितळ घेऊन बाजारात गेलो, आणि त्या पितळेपायी सोन्यावरही शंका ओढवून घेतली. ज्यांना बाबासाहेब नाकारायचेच आहेत, त्यांच्या हातात शस्त्र मीच दिले.

पण हे खोटे त्या मानाने किरकोळ आहे. याहून मोठे आणि जास्त आवडते खोटे रक्ताचे आहे. आम्ही इथले शुद्ध मूळचे, ते शुद्ध परके, आणि डीएनएने हे सिद्ध केले आहे, असे आपल्या कितीतरी सभांमधून छातीठोकपणे सांगितले जाते. मी हे लिहिले की काही जण रागावतील याची मला कल्पना आहे. तरी शांतपणे पाहू.

जनुकशास्त्र काय सांगते? बाहेरून लोक आले, हे ते सांगते. उत्तरेतल्या वरच्या जातींमध्ये त्या आलेल्यांचा वाटा सरासरीने जास्त आहे, हेही सांगते. ज्यांना हे लपवायचे आहे, त्यांचे स्वतःचे वेगळे पिल्टडाउन आहे. पण तेच शास्त्र पुढे सांगते की भारतातले जवळजवळ सगळे समूह मिश्र आहेत, शुद्ध कुणीच नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आणि हैदराबादच्या सीसीएमबीमधल्या संशोधकांचाही सहभाग असलेल्या अभ्यासानुसार ही सरमिसळ साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी मोठ्या प्रमाणावर झाली, आणि मग जातीतल्या जातीत लग्ने करण्याने ती थांबत गेली. आधी सरमिसळ, नंतर कुलूप. १९१६ च्या निबंधाचा गाभा हाच नव्हता का? नाकाच्या मोजमापाला आज कुणी शास्त्र मानत नाही आणि बाबासाहेबांचे सगळे तपशील प्रयोगशाळेने सिद्ध केले असा दावाही मी करणार नाही. तो केला तर मीही नवी हाडे रंगवायला बसलो असे होईल. पण रोग रक्तात नाही, विवाहाच्या नियमात आणि त्या नियमाला पावित्र्य देणाऱ्या शास्त्रांत आहे, हे त्यांचे निदान अजून खोडले गेलेले नाही.

कुणी म्हणेल, जोतीराव फुल्यांनीही १८७३ च्या 'गुलामगिरी'त ब्राह्मण बाहेरून आले असेच मांडले होते. हो, मांडले होते. ब्राह्मणांनी मिरवलेला आर्यपणाच जोतीरावांनी त्यांच्यावर उलटवला, आणि त्या काळात ते मोठे धाडस होते. पण 'गुलामगिरी'चे मोल कोण कुठून आला यावर अवलंबून नाही. शूद्रातिशूद्रांच्या श्रमावर आणि अज्ञानावर एक व्यवस्था कशी पोसली गेली, हे त्यांनी दाखवले त्यात ते आहे. बाबासाहेबांनी जोतीरावांना गुरू मानले, तरी वंशाच्या प्रश्नावर स्वतःचा वेगळा निष्कर्ष काढला. गुरूशी मतभेद असू शकतो, ही मोकळीक आपल्याला त्या दोघांनी मिळून दिली आहे.

आणि एक प्रश्न स्वतःला विचारा. उद्या निर्विवादपणे सिद्ध झाले की ब्राह्मण इथलेच, किंवा आपण कुठूनतरी नंतर आलो, तर अस्पृश्यता न्याय्य ठरेल का? गटारात उतरणाऱ्या माणसाचा मृत्यू योग्य ठरेल का? आंतरजातीय लग्न केले म्हणून पोरांचे खून करणाऱ्यांना माफी मिळेल का? नाही ना? मग आपल्या समतेच्या हक्काची इमारत आपण हाडांच्या वयावर का उभी करतो? जो हक्क माणूस म्हणून आहे, त्याला पहिले कोण आले याच्या दाखल्याची गरज नाही.

पिल्टडाउनच्या गोष्टीचा शेवट सांगताना अनेक जण विज्ञानाची पाठ थोपटतात : बघा, चूक त्यांनीच शोधली आणि त्यांनीच जाहीर केली. हे खरे आहे आणि मोठे आहे. ज्या संग्रहालयाने ती कवटी मिरवली, त्याच संग्रहालयातल्या ओकलींनी ती पाडली. धर्मग्रंथांच्या बाबतीत असे होताना दिसत नाही. त्यांतली विषमता दाखवून देणाऱ्यालाच आरोपी केले जाते. पण एक्केचाळीस वर्षे लागली आणि तोवर डार्ट खोटा ठरत राहिला, हेही त्याच गोष्टीत सांगितले पाहिजे. आपोआप काहीच सुधारत नाही. कुणीतरी भिंग हातात घ्यावे लागते आणि स्वतःच्या लोकांचा राग सोसावा लागतो.

१९१६ च्या त्या निबंधाच्या शेवटी तरुण आंबेडकर म्हणतात की मी मांडलेला सिद्धांत टिकणारा नाही असे कुणी दाखवून दिले, तर तो सोडून द्यायला मी तयार आहे. वुडवर्ड आणि कीथ यांना पिल्टडाउनबद्दल हे एक वाक्य म्हणता आले असते, तर आज त्या स्मारकाला कुणी हसले नसते.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. बाबासाहेबांच्या नावाचा एखादा मेसेज पुढे पाठवण्याआधी त्याचे मूळ शोधा. महाराष्ट्र शासनाने काढलेले त्यांच्या लेखन-भाषणांचे खंड आज मोबाइलवर मिळतात. 'कास्ट्स इन इंडिया' पहिल्या खंडात आहे, शूद्र आणि अस्पृश्यांवरचे दोन्ही ग्रंथ सातव्या खंडात. विहारात दर रविवारी एक प्रकरण वाचायला घ्या. आणि जो मेसेज वाचून सगळ्यात जास्त आनंद होईल, तो सगळ्यात आधी तपासा. माझ्या या लेखात चूक सापडली तर तीही सांगा. दुरुस्त करीन.

जय भीम!